कपलिंगखालचा थेंब

इंद्रजीतनं सकाळपासून डबाही उघडला नव्हता. नवा रायपूर शहरातल्या नव्या दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात आग विझवायच्या पाण्याचे पाइप त्यानंच छताला लटकवले होते. पाइपाला पाइप जोडणारी लोखंडी कपलिंगं नेमकी दोन आधारांच्या मधोमध आली होती. तपासणीला आलेल्या गंधाली मॅडमनी मान वर करून पाहिलं. "भरलेला पाइप मधेच झुकतो. हे कपलिंग तेवढं सोसतं का, ते वाकवून दाखवा. गळलं तर सगळं खाली उतरवावं लागेल." उतरवायचं म्हणजे झालेलं छत फोडायचं, आणि त्यासोबत इंद्रजीतची नोकरीही गेलीच म्हणून समजा.

आवारात दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, तसाच पाइप ठेवला, मधे कपलिंग, आत दाबाचं पाणी. वेल्डर शंकर वाळूची पोती एकेक करून अडकवू लागला. इंद्रजीत उकिडवा बसून खालून पाहत होता. ठरलेलं वजन चढलं, पाइप किंचित झुकला आणि कपलिंगच्या फटीतून एक थेंब टपकला. मग दुसरा.

इंद्रजीतच्या पायाखालची जमीन सरकली. बायकोला काय सांगायचं, याची जुळवाजुळवही त्यानं सुरू केली.

गंधाली मॅडम मात्र पाइपाला लावलेल्या दाबमापकाच्या काट्याकडे पाहत होत्या. "काटा तर हललाच नाही, म्हणजे आतलं पाणी गेलेलं नाही. मग पाणी आलं कुठून?"

इंद्रजीतनं थेंब बोटावर घेतला. चिकट लागला. जिभेला लावला, तर गोड. त्यानं शंकरकडे पाहिलं. शंकर पोत्यांकडे पाहत राहिला.

"काय केलं रे?"

"भैया, तुम्ही नारळ फोडू देत नाही न," शंकर पुटपुटला. "म्हणून तुमच्या आधी येऊन फोडला. या कपलिंगवरच. फटीत गेलं असंल थोडं नारळाचं पाणी."

कामावर नारळ-अगरबत्ती चालणार नाही, हा इंद्रजीतचाच हुकूम. विघ्न टळावं म्हणून फोडलेल्या नारळानंच विघ्न आणलं होतं.

कपलिंग पुसून कोरडं केलं, पोती उतरवून पुन्हा चढवली, वर मॅडमनी आणखी दोन लादायला लावली. खालची फरशी कोरडी ठणठणीत. "राहू द्या तुमचं छत," म्हणत मॅडमनी सही केली. इंद्रजीतच्या जिवात जीव आला. तो तिथंच फतकल मारून बसला.

शंकर समोर शिव्यांची वाट पाहत उभा होता.

"खोबरं कुठं आहे?" इंद्रजीतनं विचारलं.

"फेकून देतो, भैया."

"फेकतो काहून? आण इकडं. सकाळपासून घास उतरला नाही माह्या घशाखाली."