डावी की उजवी

"ही माझी बेबीनंदा न्हाई," सोनूबाई म्हणाल्या.

अजीजुन्निसा हसली. अंबडला भावाच्या स्टुडिओत ती लग्नाआधीपासून जुन्या फोटोंना रंग भरायची. आधी ब्रशने, आणि गेल्या दोन वर्षांपासून, म्हणजे २००२ पासून, कॉम्प्युटरवर. पोरगी गोरी दिसली म्हणून कुणी कधी तक्रार केली नव्हती.

"मावशी, रंगीत झाल्यामुळं तसं वाटतंय."

"न्हाई माय. साजरी लई केली तू. पण माझी सावळी होती."

सोनूबाईंची मुलगी बेबीनंदा अठराव्या वर्षी काविळीने गेली होती. तिचा एकच फोटो होता, मत्स्योदरी देवीच्या जत्रेत काढलेला, काळा-पांढरा. तेवढा रंगीत करायला दिलेला, आज तो न्यायला सोनूबाई वडीगोद्रीहून आल्या होत्या.

"वरचा रंग काढते. दोन मिनिटं बसा," म्हणत अजीजुन्निसाने माऊस हातात घेतला. रंग भरताना ती स्कॅन केलेल्या मूळ फोटोवर एकेक पारदर्शक थर चढवायची. एकावर साडी, एकावर अंगाचा रंग, एकावर गालाखालची सावली. एक थर काढला तरी बाकीचे जागेवर राहतात.

पण पडद्यावर एकच थर होता. काल संध्याकाळी, जागा वाचावी म्हणून, तिने सगळे एकजीव करून मूळ फोटोच्या फाइलवरच साठवले होते; आधीचा काळा-पांढरा फोटो पुसला गेला होता. आणि कागदाचा फोटो? सोनूबाईंना फ्रेम जुनीच हवी होती. काचेला चिकटलेला तो फोटो तिने भिजवून सोडवला, तेव्हा त्याचे तुकडे होऊन चित्र धुऊन गेले होते.

तिने माऊस सोडला. मग तिने सगळे सांगून टाकले.

सोनूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आपला हात पडद्याजवळ धरला. "माझ्याच रंगाची होती. बघून भर."

अजीजुन्निसाने त्या हाताकडे बघत नवा थर चढवला. गाल सावळे झाले, हनुवटीखाली सावली आली. सोनूबाई पुढे सरकल्या.

"आली गं! आता भुवईवरची खूण तेवढी कर. ज्वारीचं धसकट लागल्तं लहानपणी."

अजीजुन्निसाला आठवले. भुवईवरची एक रेघ तिने फोटोवरचा ओरखडा समजून पुसली होती.

"कोणत्या भुवईवर, मावशी?"

सोनूबाईंचे बोट स्वतःच्या डाव्या भुवईकडे गेले. थांबले. मग उजवीकडे गेले.

"तू तर कालच बघितलंस ना, माय?"

अजीजुन्निसाने डोळे मिटले. रेघ दिसत होती, बाजू दिसत नव्हती. "न्हाई आठवत," ती म्हणाली.

"एकोणीस वर्षं झाली," सोनूबाई हळूच म्हणाल्या. "मी तर आई हाय तिची."

फोटो तसाच, खुणेशिवाय छापला. सोनूबाईंनी तो पदराने पुसला, ओला नसतानाही, आणि छातीशी धरून त्या स्टँडकडे चालू लागल्या.