मुकुंदवाडीचा आवाज

मुकुंदवाडीत नळाला पाणी कधी येणार, हे लोकांना महापालिकेआधी शौकतभाई सांगायचे. रामकिसनची रिक्षा, टपावर दोन भोंगे आणि मागच्या सीटवर माईक धरून बसलेले शौकतभाई. साड्यांचा सेल, हरवलेलं लेकरू, डोळे तपासणीचं शिबिर, सगळं त्यांच्याच तोंडून गल्लीत पोचायचं. घरात दखनी बोलणारा हा माणूस माईकवर इतकं स्वच्छ मराठी बोलायचा, की नवखी माणसं वाकून रिक्षात डोकवायची. हट्ट एकच, खात्री केल्याशिवाय काही पुकारायचं नाही. पाण्याचं सांगायचं असलं तर आधी टाकीवर जाऊन विचारून यायचे.

निवडणुकीत ते सगळ्यांचे. सकाळी एका पक्षाचा प्रचार, दुपारी दुसऱ्याचा. धंदाच तो, कोणी नावं ठेवली नाहीत. यंदा कित्येक वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली आणि विश्वजीतदादांच्या कचेरीतून बोलावणं आलं. विश्वजीत बड्या बिल्डरचा मुलगा, वॉर्डातला उमेदवार. मंत्र्यांशी घरोबा, आणि प्रचाराचं काम पुण्याच्या एका कंपनीकडं दिलेलं. काचेच्या खोलीत हेडफोन लावलेल्या एका पोरीनं शौकतभाईंकडून दिवसभर वाचून घेतलं. बातम्या, पाढे, गावांची नावं, काहीही.

"एवढं कशाला, ताई?"

"काका, एकदा आवाज घेऊन ठेवला की तुम्हाला पुन्हा पुन्हा यायला नको. पुढचं सिस्टीमच बोलेल."

शौकतभाईंना त्यात मान वाटला. घरी येऊन बायकोला, रईसाला म्हणाले, "आज हमारी आवाज कंप्यूटर में रखे, मालूम?"

त्याच वॉर्डात गजाला अपक्ष उभी होती. शौकतभाईंच्याच गल्लीत वाढलेली, शिवणक्लास चालवणारी. उन्हाळ्यात ती बायकांना घेऊन पाण्याच्या टाकीखाली ठिय्या देऊन बसली होती, तेव्हा कुठं टँकर सुरू झाले. हिंदूंच्या आळीतल्या बायकाही तिच्या मागं होत्या. तिचं चिन्ह शिलाई मशीन. तिचा प्रचार तर शौकतभाईंनी स्वतःच्या लेकीचा असल्यासारखा केला. घसा बसेपर्यंत.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी रामकिसन फोन हातात धरून धापा टाकत आला. "समद्यांच्या फोनवर हे आलंय, ऐका," एवढंच म्हणाला.

"मुकुंदवाडीकरांनो, नमस्कार. मी तुमचा शौकत बोलतोय. गजालाताईंनी विश्वजीतदादांना पाठिंबा दिला आहे. ताईंची हात जोडून विनंती आहे, उद्या शिलाई मशीनचं बटण कोणी दाबू नका."

तोच आवाज. 'मुकुंदवाडीकरांनो' म्हटल्यावर थोडं थांबणारा, वाक्याच्या शेवटी अलगद खाली येणारा.

"भाई, हे तुमी कधी बोल्ले?" रामकिसननं विचारलं.

जन्मभर ज्याच्या पाठीमागं बसून ते बोलत आले, तोच विचारत होता. "अल्लाकसम रामकिसन, मी नाय."

रामकिसननं त्यांच्याकडं पाहिलं, फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "मंग सकाळीच गाडी काढू."

सकाळी गाडी काढली. पहिल्याच गल्लीत शौकतभाईंनी पुकारलं, "मी शौकत बोलतोय, खराखुरा. फोनवरचं खोटं आहे. गजालाताई..." इतक्यात पोलिसांची गाडी आडवी आली.

"मतदानाच्या दिवशी भोंगा? आचारसंहिता कळते का?" फौजदार म्हणाला.

"साहेब, माझा आवाज चोरलाय हो."

"मग सायबरला तक्रार द्या. आधी भोंगा उतरवा."

दोघांना मतदान संपेपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. शौकतभाई बाकावर गप्प होते आणि तिकडं घराघरात त्यांचा आवाज बोलत होता. त्याला कोणी अडवलं नाही.

गजाला थोडक्यात पडली.

निकालानंतर शौकतभाई कचेरीत गेले. ती पोरगी वायरी गुंडाळत होती. "काका, तुमचा आवाज कुठं होता तो? सिस्टीमचा होता," ती खालमानेनं म्हणाली. "मजकूर आम्हाला वरून येतो."

"वरून म्हंजे कुठून?"

तिनं वायरीचं वेटोळं पिशवीत टाकलं. तेवढ्यात गुलालानं माखलेले विश्वजीतदादा आत आले आणि सगळ्यांसमोर शौकतभाईंच्या पाया पडले. "काका, तुमच्यामुळं निवडून आलो!" कोणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो वॉर्डभर फिरला. सायबरवाल्यांनी तक्रार घेतली, ज्या नंबरवरून ते आलं तो बंद असल्याचं सांगितलं, पुढं काही झालं नाही.

गजालाकडं जायची त्यांची हिंमत होईना. शेवटी तीच आली.

"चाचा, आप नै बोले, मेरेकू मालूम है," ती म्हणाली. मग मराठीत बोलली, "पण खरं सांगू? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाच वाटलं, घरातल्या कोणी माझ्या नावानं पाठिंबा देऊन टाकला की काय. तुम्ही बोललात, म्हणजे असणारच."

रईसानं आणलेला चहा तसाच निवला. गजाला विकली गेली, असं तिच्याच क्लासातल्या बायका म्हणू लागल्या होत्या. दिवाळीआधी तिनं मशिनी काढून टाकल्या आणि सासरी बिडकीनला निघून गेली.

पुढं शौकतभाई पाण्याचं पुकारायला निघाले की गॅलरीतून बाया हसत विचारायच्या, "खरे शौकतभाई का फोनवाले?" त्या थट्टाच करत होत्या, पण त्यांना ती सोसवेना. त्यांनी माईक ठेवून दिला. रामकिसननं भोंगे उतरवले आणि स्टेशनवरून सवारी मारू लागला. नगरसेवकाच्या कचेरीतून मात्र पाणी, कचरा, शिबिरं, सगळ्याचे निरोप रोज फोनवर येत राहिले, शौकतभाईंच्याच आवाजात.

एका दुपारी ते ओसरीवर बसले होते. फोन वाजला.

"मुकुंदवाडीकरांनो, नमस्कार. कळवण्यास अत्यंत दुःख होतं, की आपले रिक्षावाले रामकिसन यांचं आज सकाळी घाटी रुग्णालयात निधन झालं. अंत्ययात्रा चार वाजता राहत्या घरून निघेल."

आतून रईसानं विचारलं, "किसका पुकार रहे जी?"

शौकतभाई तसेच उठले आणि अनवाणीच निघाले.

रामकिसनच्या दारात ही गर्दी. त्याची बायको द्वारकाबाई शौकतभाईंना पाहून हंबरडा फोडून उठली. "भाऊजी, सकाळी छातीत दुखतंय म्हणले अन् गेले हो! तुमाला सांगाया पोराला धाडणार व्हते, तवर तुमीच समद्यांला सांगितलं. तुमचा आवाज ऐकून लई माणसं आली बघा. त्यांचं असं झालं तर तुमीच पुकारावं, असंच त्यांच्या मनात व्हतं."

तिच्या मागं उभ्या माणसांनी माना खाली घातल्या. तो आवाज कोणाचा, हे त्यातल्या काहींना ठाऊक होतं.

"व्हय, वैनी," शौकतभाई म्हणाले. "मीच सांगितलं."

मग ते तिरडीपाशी गेले आणि खांदा द्यायला वाकले.