देवीच्या परातीतली चांदणी

कुणालीला आडवं निजवलेलं, छातीवर सागाचं पान, पानावर तांदूळ, आणि ते तांदूळ आपोआप टुणटुण उडतायत. टोकावड्यातल्या त्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. देवीचा भगत दामूबुवा घुमत म्हणाला, "देवी ढोल वाजवते हिच्या छातीत. डाक्टरकडं नेलीत तर रुसंल."

मग त्यानं पोरीचं तोंड देवीच्या पाण्याच्या परातीत बुडवलं. पोर धापा टाकत वर आली, पुन्हा पान ठेवलं, तर तांदूळ गप्प. लोकांनी हात जोडले. कुणालीची आई सरिता तर रडायलाच लागली.

मी रंभा. माळशेजच्या रस्त्याला माझा ढाबा आहे आणि सरिता माझी शेजारीण. मी परातीत वाकून पाहिलं, तर आत बर्फाची चांदणी तरंगत होती. चांदणीच्या साच्यात बर्फ सगळ्या टोकावड्यात माझ्याच फ्रीजरमध्ये होतो. बुवा बर्फ न्यायला थर्मास घेऊन यायचा, "भक्तांच्या सरबताला" म्हणायचा. म्हणजे मेल्याची देवी माझ्या लाइट बिलावर गार होत होती!

सरिताला सांगितलं तर म्हणाली, "काकी, गुण तर येतो ना? मंग देवीला कशाला नावं ठेवता?"

आठवड्याच्या आतच पोर माझ्या ढाब्यावर छाती धरून मटकन बसली. बुवा लग्नाला कल्याणला गेलेला. सरिता पांढरीफटक. मी नळाचं पाणी परातीत ओतलं, चांदण्या टाकल्या आणि म्हटलं, "घाल तोंड, बाय." तिनं घातलं. थोड्या वेळात छातीतली धडधड थांबली. ना देवी, ना बुवा.

"आता तरी चल," मी म्हटलं. सरिता पोरीला घेऊन जीपमध्ये बसली.

शहापूरच्या डॉक्टर नम्रतांनी छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, मग हृदयाची सोनोग्राफी करवली. "हृदयातली एक झडप जन्मापासून जागेवरून खाली सरकलीय. अशा मुलांत बऱ्याचदा विजेची एक जादा वाट असते. करंट तिथून गोल फिरत राहतो, ठोके सुसाट पळतात. तोंडाला गार पाणी लागलं की शरीर आपणच हृदयाला ब्रेक लावतं."

"मंग परात पुरत नाय?" सरितानं विचारलं.

"ब्रेक दर वेळी लागेलच असं नाही. एखाद्या दिवशी लागला नाही, तर पोर हातची जाईल."

सरितानं माझा हात असा आवळला की बांगडी पिचली.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात मांडीच्या शिरेतून बारीक तार घालून विजेची ती जादा वाट जाळून बंद केली. झडपेसाठी तपासणीला जावंच लागतं, पण ढोल थांबला. परवा दामूबुवा थर्मास घेऊन आला, तेव्हा कुणालीच गल्ल्यावर बसली होती.

"बुवा, बर्फ देते, पण खरंच सरबत करा. माज्या छातीत देवी नव्हती, वायर होती."

बुवा थर्मास तिथंच विसरून गेला. मी त्यात आता चहा ठेवते. आणि पोराची छाती धडधडते असं कुणी म्हणालं, की चहा पाजून आधी डॉक्टरकडं पाठवते.