कडेवरची मॅट

ऑफिसात त्यांना निवारणसाहेब म्हणत. दारावरच्या पाटीवर ‘तक्रार निवारण अधिकारी’ असं लिहिलं होतं, पण एवढं लांबलचक म्हणायला कुणाला वेळ नव्हता. आणि त्यांचं खरं नाव लक्षात ठेवावं इतकं त्यांनी कुणाचं भलं किंवा वाईटही केलेलं नव्हतं. तक्रारी त्यांच्या टेबलावर येत आणि शांत होत.

ही एक कला आहे. तक्रार हलक्या हातानं दाबली की ती सुळकन वरच्या साहेबांकडे पोचते. फार रेटून दाबली की कुठून तरी फुटते आणि पेपरात येते. तिरकी दाबली तर एका बाजूनं झिरपत राहते आणि निवृत्तीच्या दिवशी समोर डबकं दिसतं. प्रकरण सगळीकडून सारखं दाबावं लागतं आणि दाबताना चेहरा मदत करत असल्याचा ठेवावा लागतो. निवारणसाहेबांचा हात यात चांगलाच बसला होता.

घरी मात्र दाबण्यासारखं त्यांच्या वाट्याला काही नव्हतं. बायको शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरी येताना आपलं पद शाळेत ठेवून यायचं हमखास विसरत असे. शाळेत सगळे तिला बाई म्हणत. घरातही तसा मोठा फरक नव्हता.

बढती मिळाली तेव्हा ऑफिसनं वर्गणी काढून साहेबांना एस्प्रेसो कॉफीचं मशीन दिलं. साहेबांची अपेक्षा भिंतीवरच्या घड्याळाची होती. खोकं घेऊन ते घरी आले, तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या.

“हे कुठे राहणार?”

“ओट्यावर. कोपऱ्यात. कळणारसुद्धा नाही तुला.”

कळणार नाही हे जरा जास्तच झालं. मशीन एखाद्या लहानशा कपाटाएवढं होतं आणि ओटा नवा होता. नुसता नवा नाही, तर बाईंच्या धाकट्या भावानं, जो फरशी आणि दगडाची कामं घेत असे, खास बहिणीसाठी जातीनं उभं राहून बसवलेला होता. पांढराशुभ्र, धारदार कडांचा. त्याच्यावर भांडं ठेवताना बाई ते आधी हवेत थांबवत आणि मग विमानासारखं उतरवत.

“ठेवा,” बाई म्हणाल्या. “पण एक ध्यानात ठेवा. ओट्याला तुमच्या हातून ओरखडा जरी पडला, तरी हे धूड बाल्कनीत जाईल. तिथे प्लग नाही.”

अशा रीतीनं साहेबांना आयुष्यात प्रथमच स्वयंपाकघरात जागा मिळाली. वरवर पाहता ती जागा मशीनची होती, पण मशीनसमोर उभं राहायला माणूस लागतो. रोज सकाळी बाई शाळेला निघण्याआधी साहेब दोन छोटे कप भरत, आणि तेवढा वेळ नवरा-बायको ओट्याला टेकून उभे असत. बोलणं फारसं होत नसे. पण आधी तर तेवढंही उभं राहणं होत नसे. बाल्कनीत प्लग नाही, हे वाक्य साहेब विसरू शकत नव्हते ते त्यामुळे.

कॉफी मात्र वाईट होत होती. मशीनबरोबर मुठीची एक वाटी आली होती. तिच्यात कॉफीची पूड भरायची, दाबायची आणि वाटी मशीनला लावायची. दाबायला एक प्लॅस्टिकचा चमचा दिलेला होता. त्याचं एक टोक चपटं होतं, एवढाच त्याचा दाबण्याशी संबंध. पूड एका बाजूला चढायची, पाणी दुसऱ्या बाजूनं वाट काढायचं आणि कपात पिवळट काहीतरी पडायचं.

“हे तिरकं दाबल्याचं लक्षण आहे,” साहेब जाणकारीनं म्हणाले.

“तुमच्या ऑफिसात तर म्हणतात, तुमचा हात सरळ आहे,” बाई म्हणाल्या आणि कप मात्र पूर्ण प्यायल्या. साहेबांना ते लागलं. पिवळट पाणी ही बायको न कुरकुरता पिते आहे, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

शनिवारी साहेब कॉफीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार तरुण होता आणि त्याची दाढी इतकी निगुतीनं कापलेली होती, की तीही विक्रीला असावी असं वाटे.

“पूड दाबायचं काहीतरी हवंय,” साहेब म्हणाले. “दट्ट्या.”

“टॅम्पर,” दाढी म्हणाली.

“तेच. दट्ट्या.”

दाढीनं काचेवर एक रांग मांडली. सपाट तळाचा, नागमोडी तळाचा, लाकडी मुठीचा, आणि एक स्प्रिंगवाला. तो म्हणे पुरेसा दाब पडला की ‘टिक्’ असा आवाज करून सांगतो.

“सर, तुम्ही मनगटातून दाबता की कोपरातून?”

साहेबांनी क्षणभर विचार केला. “आमच्याकडे सहसा वरून दाब येतो,” ते म्हणाले. “मी तो फक्त खाली पोचवतो.”

“म्हणजे खांद्यातून,” दाढी म्हणाली आणि गंभीरपणे मान हलवली. “मग स्प्रिंगवाला घ्या. चूक होतच नाही. टिक् झालं की थांबायचं.”

स्प्रिंगवाला साहेबांनी हातात घेतला, दाबला. टिक्. पुन्हा दाबला. टिक्. त्यांना तो आवडला नाही. इतकी वर्षं कुठे थांबायचं ते त्यांना हातालाच कळत आलं होतं. आता एक स्प्रिंग त्यांना ते सांगणार? त्यांनी लाकडी मुठीचा, भरीव पोलादाचा, सपाट तळाचा दट्ट्या उचलला. चांगला जड होता. हातात आल्यावर माणसाला आपली बढती झाल्यासारखं वाटत होतं.

“सोबत मॅट देऊ? वाटी ओट्यावर टेकवून दाबायची तर खाली रबर हवं. ओट्याला लागतं.”

“मॅट नको,” साहेब म्हणाले. “माझा हात आहे.”

रविवारी बाई शाळेच्या कुठल्याशा बैठकीला गेल्या होत्या. साहेबांनी बाह्या सारल्या. ओट्याच्या कडेवर हल्ली एक नॅपकिन घडी घालून टाकलेला असे. बाईंची ही नवी सवय. साहेबांनी तो हात पुसायला ओढला, खांद्यावर टाकला, वाटीत पूड भरली, वाटी ओट्याच्या कडेला टेकवली आणि दट्ट्या चढवला. हात बसला. खांद्यातून, सरळ. आणि शेवटच्या क्षणी वाटीवरून दट्ट्या निसटला.

टक्.

आवाज लहान होता. साहेबांनी वाटी सावरली, दट्ट्या बाजूला ठेवला आणि खाली पाहिलं. ओट्याच्या पांढऱ्याशुभ्र कडेवर नखाएवढा टवका उडालेला होता.

खाली बसून साहेबांनी सगळी फरशी चाचपली, सिंकखाली हात घातला, बादली उलटी करून पाहिली. उडालेला तुकडा कुठेही नव्हता. नखाएवढा दगड, हवेत विरघळल्यासारखा गेला. मग त्यांनी नॅपकिन होता तसा घडी घालून कडेवर टाकला आणि आरशासमोर जाऊन चेहरा मदत करणारा केला.

बाई आल्या. नॅपकिनकडे त्यांनी पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

“नॅपकिन कुणी हलवला का?”

“नाही बुवा.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि चक्क विषय सोडला. विषय सोडणं हे बाईंच्या स्वभावात नव्हतं. पण साहेबांचा जीव इतका भांड्यात पडला होता, की हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

नॅपकिनवर भरवसा ठेवून चालणार नव्हतं. नॅपकिन धुवायला जातो. कायमचा बंदोबस्त हवा होता, आणि दुकानातली मॅट त्यांना आता आठवली. रबराची, जाडजूड. जेवताना त्यांनी विषय काढला.

“मी म्हणत होतो, दट्ट्याखाली एक मॅट घ्यावी. ओट्याची काळजी म्हणून.”

त्यांना वाटलं होतं, बाई म्हणतील, आता मॅट, उद्या सतरंजी. बाईंनी घास थांबवला आणि म्हणाल्या, “घ्यायलाच हवी. मी येते तुमच्याबरोबर.”

दुकानात दाढीनं मॅट मांडल्या. एक सपाट, टेबलावर पसरायची. दुसरी काटकोनात दुमडलेली, अर्धी ओट्यावर आणि अर्धी कडेवरून खाली लोंबणारी.

“तुमच्या कामाला सपाट पुरे आहे,” दाढी म्हणाली. “उगाच दुसरी घेऊ नका.”

“ही कडेवरची घ्या,” बाई म्हणाल्या.

“कडेवरचीच हवी,” साहेब त्याच दमात म्हणाले.

“पण मॅडम, ही कोपऱ्यात अडचण करते. सपाट धुवायला सोपी.”

“आम्ही धुतो,” बाई म्हणाल्या.

“धुवायला आम्हाला आवडतं,” साहेब म्हणाले.

“आणि खालपर्यंत जरा लांब लोंबणारी नाही का?” बाईंनी विचारलं.

“रंग गडद असला तर बरं,” साहेबांनी भर घातली. “आतलं दिसत नाही, म्हणजे डाग.”

दाढी आळीपाळीनं दोघांकडे पाहत राहिली. इतकं एकमत तिनं कधी पाहिलेलं नसावं. साहेबांनीही पाहिलेलं नव्हतं. मुलीचं नाव ठेवताना दोघांनी महिनाभर अबोला धरला होता. आज बायको आपल्या छंदासाठी दुकानदाराशी वाद घालते आहे, हे पाहून साहेबांनी लगेच पाकीट बाहेर काढलं. आणि तिच्यापासून आपण टवका लपवतो आहोत, या विचारानं किंमत न विचारताच पैसे मोजले.

“मूल कडेवर घेतल्यासारखी घेऊन चाललोय आपण हिला,” घरी येताना ते म्हणाले.

“पडू देऊ नका म्हणजे झालं,” बाई म्हणाल्या.

मॅट चपखल बसली. पुढचे काही दिवस सोन्यासारखे गेले. दाब सरळ बसू लागला, कपात कॉफी मधासारखी दाट उतरू लागली आणि बाई एकदा चक्क दुसरा कप मागून प्यायल्या. फक्त एक गोष्ट साहेबांना खटकत होती. ओटा पुसताना बाई मॅट उचलत नसत. तिच्या भोवतीनं पुसत. एरवी फ्रिज सरकवून मागची भिंत पुसणारी बाई.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी मेव्हणा आला.

“भावोजी, तुमच्या कॉफीची फार कीर्ती ऐकली,” तो दारातूनच म्हणाला. “ताई फोनवर दुसरं काही बोलतच नाही.” आणि बुटांची नाडी सोडून थेट स्वयंपाकघरात गेला. आपण बसवलेला ओटा तो ओळखीच्या मुलासारखा पाठीवरून हात फिरवत पाहत असे. हात फिरत फिरत मॅटपाशी आला.

“हे काय घातलंय याला?”

“राहू दे!” बाई म्हणाल्या.

“राहू द्या!” साहेब म्हणाले.

दोघांनी एकदमच मॅटवर हात ठेवले. साहेबांचा हात वर, बाईंचा खाली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मेव्हण्यानं दोघांकडे पाहिलं, दोन्ही हात अलगद बाजूला केले आणि मॅट उचलली.

“अरेच्चा. टवका.” त्याचा आवाज दुखावलेला होता. “कुणी उडवला?”

साहेबांना बाल्कनी दिसू लागली. तिथे कुंड्यांमध्ये मशीन, मशीनवर कावळा. “मी,” ते म्हणाले. “माझ्या हातून. दट्ट्या निसटला.”

बाईंनी काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“होतं,” मेव्हणा जरा विरघळला. “बाहेरून दगड भरला तर रंग जुळणार नाही. उडालेला तुकडाच मिळाला असता तर असा चिकटवून दिला असता, की कळलंही नसतं. पण तो आता कुठला मिळायला!”

“मी सगळी फरशी शोधली,” साहेब म्हणाले. “सिंकखालीसुद्धा पाहिलं. नाहीच.”

“मिळेल,” बाई म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि शिवणाच्या बटणांची डबी घेऊन आल्या. डबीत कागदाच्या पुडीत, कापसात गुंडाळलेला, नखाएवढा पांढरा दगड होता. मेव्हण्यानं तो कडेला लावून पाहिला. तंतोतंत बसला.

“शाब्बास ताई! जपून ठेवलास!” असं म्हणून तो गाडीतून चिकटवायचं सामान आणायला खाली गेला.

साहेब डबीकडे पाहत होते. पुडीचा कागद शाळेच्या गेल्या सत्रातल्या वेळापत्रकाचा होता, आणि तेव्हा मशीन या घरात यायचंच होतं.

“कशानं?” त्यांनी विचारलं.

“कुकर,” बाई ओट्याकडे बघत म्हणाल्या. “ओला होता. भावाला काय तोंड दाखवू, म्हणून...”

“आणि मला मात्र बाल्कनी?”

“तेव्हा माझं उघडं पडेल अशी भीती वाटली म्हणून बोलले. तुमच्या मशीनखाली टवका झाकला जाईल असं आधी वाटलं होतं. पण तुम्ही ते कोपऱ्यात सारलंत.”

अशी भक्कम तक्रार निवारणसाहेबांच्या उभ्या नोकरीत समोर आली नव्हती. पुरावा होता, कबुली होती, आणि तक्रारदार ते स्वतः होते.

मेव्हणा वर आला. त्यानं टवका चिकटवला आणि म्हणाला, “आता याच्यावर वजन हवं. सुकेपर्यंत सरळ दाबून धरायचं. जोरात नको, सरकेल. हलकं नको, सुटेल. तिरकं तर अजिबात नको.”

साहेबांनी दट्ट्या उचलला, टवक्यावर टेकवला आणि हात बसवला. बाईंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

“भावोजी, हात छान आहे हो तुमचा,” मेव्हणा कौतुकानं म्हणाला. “पण एवढा जड दट्ट्या निसटलाच कसा? ताई, तू होतीस का तेव्हा?”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

“ती नव्हती,” साहेब म्हणाले. “ती शाळेत होती.”

दाब सगळीकडून सारखा बसला होता. मग बाईंनी दुसऱ्या हातानं मशीनचं बटण चालू केलं आणि भावाला म्हणाल्या, “तू उभा का? मॅट टाक तिकडे पलीकडे आणि ती वाटी भर. आज यांचा हात गुंतलाय.”