एका वायरीच्या जागी सात

बिस्किटांच्या कारखान्यात कॉम्प्युटर जोडणारा एक बाप्या होता. हुशारी त्याच्या अंगात मावेना, म्हणून ती त्याने भिंतींवर पसरली. दारावरच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर ऑफिसला जोडायचा, एवढंच काम. एका वायरीत भागलं असतं. पण सरळ कामाला मान कुठला? ह्याने सात वायरी टाकल्या, मधे डबे बसवले, त्या डब्यांना राखण म्हणून आणखी डबे. एक रुसला की बाकीचे तोंड फिरवायचे, वजनाची पावती निघायची नाही आणि ट्रक दारात खोळंबायचे. मग एकच ओरडा, "बोलवा त्याला!" हा मिशीला पीळ देत यायचा. माझ्यावाचून ह्यांचं पान हलत नाही म्हणे!

हेच सुख गळ्याशी आलं. मालकांच्या दुसऱ्या, मोठ्या कारखान्यात वरची जागा निघाली. पगार जास्त, वर राहायला घर. बायको हरखली.

मालक म्हणाले, "खुशाल जा. पण हे जंजाळ कुणाला तरी शिकवून जा."

शिकायला आलेला पहिला भिंत बघूनच पळाला. दुसरा जेवायला म्हणून गेला तो गेलाच.

"करा आणखी शहाणपणा!" बायको कडाडली. "अहो, कोळीसुद्धा स्वतःच्या जाळ्यात अडकत नाही!"

सुट्टीच्या दिवशी त्याने मुकाट्याने सगळं उपटलं. ऑफिसात एक डबा ठेवला आणि वजनकाट्यापासून त्याला एकच वायर. हिशेबातल्या बाईंना ते चहा निवायच्या आत कळलं. दुसऱ्या दिवशी ट्रक आले, पावत्या घेऊन गेले. ह्याला कुणी हाकही मारली नाही.

मालकांनी कोपऱ्यातला ढीग बघितला. "हे काय?"

"जादाचं होतं, साहेब."

"जादाचं, तर लावलंस कशाला?"

ह्याने ढिगातली एक वायर उचलून गुंडाळायला घेतली.

"बरं," मालक म्हणाले, "तिकडेही तुझ्यासारखाच एक दीडशहाणा होऊन गेलाय. जा, तेही सोपं करून दे. झालं की ती वरची जागाच मोडून टाकू."

हा जाऊन बघून आला. तिथल्या भिंती म्हणजे जन्मात न विंचरलेलं डोकं! दुसरा कुणी रडला असता. हा शीळ घालत घरी आला.

"चल, बाडबिस्तरा बांध."

"पण जागा मोडणार म्हणतात ना? किती दिवस राहायचं?"

"तिथला गुंता हळूहळू सोडवला ना," तो म्हणाला, "तर पोरांची लग्नं तिथूनच होतील."