मधाची तांबडी

मॅलकी टूहीची बिअर वाईट आहे असं पंचक्रोशीत आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

मॅलकी चौसष्ट वर्षांचा. पस्तीस वर्षं त्याने डेअरीचा दुधाचा टँकर चालवला, त्यामुळे कॉमेराच्या डोंगरांखालच्या प्रत्येक गोठ्याचं फाटक कुठल्या बाजूला उघडतं हे त्याला ठाऊक. लग्न केलं नाही. आई गेल्यावर नायर नदीच्या वरच्या अंगाच्या त्या घरात तो आणि त्याचा बिअर शिजवायचा मोठा हंडा, एवढेच उरले. वर्षातून चारदा तो हंडा चुलीवर चढायचा. मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात भिजवायचं, त्यात जळकट भाजलेले जव अगदी मूठभर टाकायचे म्हणजे रंग तांबडा उतरतो, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालून तासभर उकळायचं आणि आच बंद केल्यावर शेवटी मध. मध उकळला तर नुसता गोडवा राहतो, वास उडून जातो. हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. गावात त्या बिअरला सगळे ‘मॅलकीची तांबडी’ म्हणत.

तीन वर्षांपूर्वी त्याला ताप आला. ताप आठ दिवसांत उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. कॉफीचं गरम पाणी झालं, कांद्याचं नुसतं कुरकुरणं उरलं. मॅलकीने हे कुणाला सांगितलं नाही. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, चार लोक त्यावर सह्या करतात. नाक गेलं हे सांगायचं कुणाला आणि कसं? बिअर मात्र तो शिजवत राहिला. भांडी स्वच्छ आहेत की नाहीत हे वासावरून कळेना म्हणून धुताना ब्लीच दुप्पट घालू लागला, एवढाच काय तो फरक.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये चहापान होतं. हॉलवर नवं छप्पर चढलं होतं, त्यानिमित्त. मॅलकीने चोवीस बाटल्या नेल्या.

“काय सुरेख झालीय रे!” चहाचं सगळं बघणारी डिम्फना म्हणाली.

“तुझा हात म्हणजे हात आहे,” आणखी कोणीतरी म्हणालं.

मॅलकी खूश होऊन निघाला. गाडीपाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, टोपी आतच राहिली. तो परत फिरला आणि दारातच थांबला. टेबलांवर ग्लास तसेच होते, भरलेले, एकेक घोट कमी झालेले. डिम्फना एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने ते एकामागून एक मोरीत ओतत होती. तिची पाठ दाराकडे होती. मॅलकी आवाज न करता मागे सरला आणि टोपी न घेताच घरी आला.

घरी त्याने एक बाटली उघडली. घोट घेतला. गोड, मागून थोडी कडू, थंड, जिभेवर बुडबुडे. कशात काही उणं नव्हतं. फेस नाकात जाईपर्यंत त्याने ग्लास नाकाशी धरला. शिंक आली, वास आला नाही.

कुणाला विचारायचं? ज्याला विचारावं तो ‘सुरेख’ म्हणणार. खरं बोलायला एकतर फार जवळचं माणूस लागतं, नाहीतर वैरी. जवळचं असं कोणी नव्हतं. मग त्याला गॉबनिट आठवली.

गॉबनिट प्रेंडरगास्ट त्याच्या बांधापलीकडे राहायची. एकाहत्तर वर्षांची, एकटी, आणि सहा मधपेट्यांची मालकीण. वीस वर्षं मॅलकीच्या बिअरमध्ये तिचाच मध पडायचा. नऊ वर्षांपूर्वी बांधावरची जुनी झाडं विजेच्या तारांवर कलली म्हणून मॅलकीने एका शनिवारी सगळी पाडली. झाडांवर आयव्हीचे वेल ऐन फुलात होते. हिवाळ्याआधी मधमाश्यांना शेवटचा चारा तोच. गॉबनिट त्या दिवशी गारा अंगावर घेत बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, “विचारायचं तरी! माझ्या माश्यांनी आता काय तुझं डोकं खायचं?” त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती, आणि मॅलकी दुकानातला मध वापरत होता.

सोमवारी दुपारी तो बाटली घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

“कोण गेलं?” दार उघडून गॉबनिटने विचारलं.

“कोणी नाही.”

“मग तू कसा आलास?”

“जरा हिचा वास घेऊन सांगतेस का?”

“का? तुझं नाक कुठे गहाण पडलंय?”

मॅलकीने बाटली पुढे केली. गॉबनिटने त्याच्याकडे बघितलं, बाटली घेतली, झाकण काढलं, नाकाजवळ नेली आणि हात लांब केला.

“अरे देवा! हे प्यायला दिलंस कुणाला?”

“काल हॉलमध्ये. चोवीस बाटल्या.”

“मग काय म्हणाले?”

“सुरेख झालीय म्हणाले.”

गॉबनिट हसायला लागली, चौकट धरून हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली. “मॅलकी, दवाखान्याच्या मोरीत मधाचं बोट बुडवावं तसा वास आहे हा. जखमेवरची जुनी पट्टी. तू भांडी कशाने धुतोस?”

“ब्लीचने.”

“आणि पाण्याने खळबळून काढत नाहीस?”

“काढतो की.”

“मग नाकाला कळत नाही होय, किती राहिलंय ते?” ती सहज म्हणून गेली, आणि मग त्याच्याकडे बघून दारातून बाजूला झाली. “आत ये.”

स्वयंपाकघरात तिने त्याला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

“कधीपासून?”

“मार्चमध्ये तीन वर्षं झाली.”

“डॉक्टर काय म्हणतो?”

“येईल परत, वाट बघा.”

“आणि तू तीन वर्षं बघतोयस. चुलीत लाकूड जळतं तेव्हा?”

“डोळे चुरचुरतात.”

तिने केटल चढवली. पाणी उकळल्यावर चहा त्याच्यापुढे ठेवला.

“एक सांगते. रागावू नकोस. रागावलास तरी चालेल, आपलं नऊ वर्षं कुठे वेगळं चाललंय. तुझ्या या कोटाला वास मारतो. बुरशीचा, तळणाचा, ओल्या मेंढीचा. नुसता कोटालाच नाही. तुझं कपाट ज्या भिंतीला आहे ती गळते का?”

मॅलकीचा चेहरा कानापर्यंत तापला. चर्चमध्ये तो बसायचा त्या बाकावर वर्षभरात दुसरं कोणी बसलं नव्हतं. त्याला वाटायचं तिथे गारवा लागतो म्हणून. न्हावी प्रत्येक वेळी खिडकी उघडायचा. पोस्टमन पूर्वी चहाला आत यायचा, आता पत्रं फाटकावरच अडकवून जातो. त्याला वाटलं होतं, कामं वाढली असतील.

“इतके दिवस कोणी...”

“कोण सांगणार? सगळी सज्जन माणसं,” गॉबनिट म्हणाली.

चहा तसाच ठेवून तो उठला. दारापर्यंत गेला आणि निरोप न घेता बाहेर पडला.

पुढचा आठवडाभर तो कुठे गेला नाही. कपाट भिंतीपासून ओढलं तर मागचं लाकूड काळं पडून हाताला लागत होतं. त्याने ते अंगणात फोडलं. कोट जाळला. शर्ट, स्वेटर, चादरी दोन दोनदा धुतल्या. खिडक्या उघड्या टाकून स्वयंपाकघरात कुडकुडत बसला. सगळं झाल्यावर दोरीवरचा एक शर्ट त्याने तोंडावर धरला आणि तसाच उभा राहिला. गार, ओलसर कापड. धुतला आहे की नाही हे त्या कापडाने काही सांगितलं नाही.

रविवारी तो चर्चला गेला नाही. सोमवारी गाठोडं बांधून पुन्हा गॉबनिटच्या दारात गेला.

ती गाठोड्याकडे बघत राहिली. “मी काय धोबीण आहे?”

“नाक आहे तुला,” मॅलकी म्हणाला.

तिने कपडे टेबलावर उपसले आणि एकेक नाकाशी नेऊ लागली. “हा जमला. हाही. हा परत धू. ही चादर फेकून दे, हिला आता देवही सोडवणार नाही. हा स्वेटर कुणी विणलाय?”

“आईने.”

“चांगला आहे. व्हिनेगरमध्ये भिजव रात्रभर.”

निघताना तिने त्याच्या हातात एक बरणी ठेवली. मध गडद तांबूस होता आणि बरणी तिरपी केली तरी हलत नव्हता. वरच्या डोंगरावरच्या हेदरच्या जांभळ्या फुलांचा.

“तुझ्या भिंतीवर आयव्ही परत चढलाय,” ती म्हणाली. “माझ्या माश्या तिथेच असतात दिवसभर. बघितलंय मी.”

“मुद्दाम ठेवलाय,” मॅलकी म्हणाला. खरं तर त्याला तो कापायचा आळस आला होता.

ऑक्टोबर संपता संपता त्याने हंडा चढवला. बिअर आंबवायची जुनी प्लास्टिकची बादली आणि नळी टाकून नवी आणली. या वेळी गॉबनिट दर दोन दिवसांनी यायची, काठी टेकत, कमरेला हात लावत, कारण तिच्या खुब्याचं दुखणं वाढलं होतं. झाकण उचलायची आणि हुंगून सांगायची, “पाव फुगतोय.” मग, “अजून पावच.” मग एक दिवस, “आता सफरचंद.” मॅलकी ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचा. पाव, पाव, सफरचंद. त्या घरात इतकी ये-जा त्याच्या आईच्या शेवटच्या आजारपणानंतर झाली नव्हती.

नोव्हेंबरच्या अखेरीस पहिली बाटली उघडली. दुपार होती, पण दिवे लावावे लागले होते. ग्लासात रंग उतरला तो खिडकीपाशी धरला तर कडेने माणकासारखा. गॉबनिटने वास घेतला. घोट घेतला. पुन्हा वास घेतला.

“बोल ना,” मॅलकी म्हणाला.

“झाली. तुझ्या बापाने केली असती तशी.”

“तसं नको. वास सांग. सगळा.”

“मी काय मास्तरीण आहे?” पण तिने डोळे मिटले. “भाजलेल्या पावाची कड. त्याच्यामागे जरासा कोळसा, अगदी जरासा. मग मध. मध म्हणजे... ऑगस्टमध्ये वर डोंगरावर जाऊन हेदरमध्ये उताणं पडलं की येतो ना, तो. आठवतो?”

मॅलकीने डोळे मिटले. त्याला जांभळा डोंगर दिसला. मानेला टोचणारी काटक्यांसारखी झुडपं आठवली, खाली सोडलेला टँकर, हातावर रांगणारी एक माशी. सगळं जागच्या जागी होतं. वासाच्या ठिकाणी काही नव्हतं.

“हो,” तो म्हणाला.

गॉबनिट त्याच्याकडे बघत राहिली. ती ज्याच्या त्याच्या तोंडावर खरं बोलणारी बाई. पण त्या दिवशी तिने ते ‘हो’ तसंच राहू दिलं. तिने बाटली उचलली आणि त्याचा ग्लास भरला.

डिसेंबरात तिची मुलगी गॉलवेहून गाडी घेऊन आली. खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यानंतर मार्चपर्यंत मुलीकडेच राहायचं होतं. गॉबनिटने मॅलकीला मधपेट्यांपाशी नेलं.

“आठवड्यातून एकदा यायचं. मागून एका हाताने पेटी थोडी उचलायची, बोटभर. जड लागली तर आत खाणं आहे. हलकी लागली तर ही साखरेची वडी झाकणाखाली ठेवायची. उघडून बघत बसायचं नाही. हे जमेल ना? याला नाक लागत नाही.”

“पस्तीस वर्षं दूध उचललंय मी.”

“आणि कपडे?”

“धुईन.”

“धुतोस रे. वाळवत नाहीस नीट.”

गाडी वळणाआड गेली. मॅलकीने फाटक लावलं.

तो हिवाळा लांबला. चर्चमध्ये तो नवा कोट घालून जाऊ लागला. डिम्फनाने त्याची टोपी परत दिली, धुऊन, इस्त्री केल्यासारखी सपाट. त्याच्या बाकावर मात्र कोणी आलं नाही. वास गेला होता, पण वर्षभरात प्रत्येकाची दुसरी जागा ठरून गेली होती, आणि ठरलेली जागा सोडून मॅलकीशेजारी येऊन बसायला कुणाला काही कारण नव्हतं. पोस्टमनला त्याने एकदा फाटकावर गाठून तांबडीच्या दोन बाटल्या दिल्या. पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, “सुरेख होती!” मॅलकीने त्याचं तोंड निरखून बघितलं. काही कळलं नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर तो पेट्या उचलायचा. एक, दोन, तीन. दुपारी गॉबनिटला फोन करायचा.

“पहिल्या दोन जड. तिसरी बरी. चौथी हलकी होतेय.”

“वडी ठेव.”

“ठेवली. तू चाललीस का?”

“शेजारच्या दुकानापर्यंत. इथे समुद्राचा वास येतो सारखा, जीव नकोसा झालाय. हे बघ, नातवंडं ओरडतायत, मला काही ऐकू येत नाही. पुढच्या रविवारी कर.”

फोन ठेवला की घर फार मोठं वाटायचं. तो एक बाटली उघडायचा. आठवड्याला एकच, मार्चपर्यंत पुरवायच्या होत्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बर्फ पडून गेलं होतं. चौथी पेटी उचलली तर ती जवळजवळ नुसत्या लाकडाच्या वजनाची लागली. झाकण उघडून बघत बसायचं नाही हे बजावलेलं होतं. तो गुडघ्यांवर बसला, टोपी काढली आणि पेटीच्या बाजूला कान लावला. लाकूड इतकं गार होतं की कान चटकला. आधी काही ऐकू आलं नाही. मग फार आतून, लांबच्या रस्त्यावरून टँकर चढ चढत यावा तशी बारीक, न थांबणारी घरघर आली. तो कान काढेना. गुडघे भिजले, वारा सुटला, तरी तो तसाच बसून राहिला. आतल्या हजारोंमध्ये एकीलाही तो बाहेर आहे हे ठाऊक नव्हतं.

मग त्याने वडी झाकणाखाली सरकवली, पेटीवर दगड ठेवला आणि फोन करायला घरी गेला. गॉबनिटच्या मुलीने उचलला. आई झोपलीय, म्हणाली, काही निरोप आहे का?

“सांगा,” मॅलकी म्हणाला, “चौथीतल्या जिवंत आहेत.”