झोपेत खाल्लेली साखर

कुशनकाकांना दुपारची झोप लागायची ती लोकांच्या सोफ्यावर. जुन्या सोफ्याचं कापड उसवायचं, आतला दबलेला कापूस पिंजून भरायचा, ढिल्या स्प्रिंगा आवळायच्या आणि वरून नवं कापड ताणून बसवायचं, हा त्यांचा धंदा. काम पुरं झालं की गिऱ्हाईक न्यायला यायच्या आत ते स्वतः त्यावर एक डुलकी काढत. "ज्यावर आपला डोळा लागत नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यात कसं मारायचं?" असं त्यांचं म्हणणं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळंच होतं, पण सगळी गल्ली त्यांना कुशनकाका म्हणायची, आणि ओघानंच त्यांच्या बायकोला काकू.

राहायचं घर वर आणि कामाची लांबट खोली खाली. दुपारी त्या खोलीत उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात कापसाचे तंतू इतके सावकाश तरंगायचे, की खोली पाण्याखाली गेलीय असं वाटावं. काका तोंडात बारीक खिळे धरून काम करत. त्या खिळ्यांना त्यांच्या धंद्यात चुका म्हणतात. ओठांतून एकेक चूक काढायची आणि ठोकायची. त्यामुळे कामाच्या वेळी बोलणं बंद. काकू आल्यागेल्याला सांगायच्या, "चुका ह्यांच्या तोंडात, आणि पोटात घालायच्या मी!"

काकांना मधुमेह झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. गोड बंद, पाव-बटाटा बेताचा. त्याऐवजी अंडी, मांस, भाज्या खा. काकांनी ते देववाणीसारखं ऐकलं. चहा बिनसाखरेचा झाला. जाम घरातून हद्दपार झाला. काकू चष्म्याच्या दुकानात नोकरीला होत्या. दिवसभर काचा घासून, फ्रेमी बसवून त्यांची बोटं आखडायची. घरी येताना वाटेतच मोठं सुपरमार्केट लागायचं. त्याच्या पार टोकाला थंडगार कपाटं होती, दार उघडलं की पांढरं धुकं पायांवर सांडायचं. त्या धुक्यात चिकनच्या कापांची पाकिटं ओळीनं मांडलेली असत. स्वच्छ, कापलेली, मऊसूत. वर ठसठशीत अक्षरांत 'साधे चिकन'. चिरायला नको, धुवायला नको, आणि काकांच्या बऱ्याच दाढा पडलेल्या, तर त्यांनाही चावायला सोपं. मग काय, सकाळी तेच, दुपारी तेच, रात्रीही तेच.

आणि साखर वाढायला लागली.

रोज सकाळी बोट टोचून काका थेंब पट्टीवर ठेवायचे आणि दोघं त्या छोट्या यंत्राच्या तोंडाकडे बघत बसायची. आकडा आधी चोरपावलांनी चढला, मग वर जाऊन मांडी ठोकून बसला. काकांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. दिवसभर डोक्यात मऊ कापूस भरल्यासारखं वाटायचं.

"खरं सांगा," काकू एकदा म्हणाल्या. "बाहेर काही खाता का? मी ओरडणार नाही."

"अगं, शप्पथ नाही."

"कुणी गिऱ्हाईक काही आणून देतं का? भिडेखातर तोंडात टाकता का?"

"तोंडात चुका असतात माझ्या! त्यावर काय टाकणार?"

काकू हसल्या नाहीत. काकांना ते लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात काकू त्यांच्यावर चिडल्या होत्या, रुसल्या होत्या, पण त्यांचा शब्द कधी तपासून घेतला नव्हता. आता त्या घरात शिरल्या की आधी काकांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत. नजर चटकन वळवत, पण बघत.

त्याच सुमारास काकांना स्वप्नं पडू लागली. एका निळ्या मखमली सोफ्यावर ते दुपारचे आडवे झाले होते. स्वप्नात तोच सोफा, तीच खोली, तेच ऊन. फक्त शिवण उसवली होती आणि आतून कापसाऐवजी म्हातारीचे केस बाहेर येत होते, गुलाबी, हलके, जत्रेत काडीवर मिळतात तसे. काका पुंजका तोडत होते, तोंडात घालत होते, तो विरघळत होता. कितीही काढले तरी सोफा रिकामा होत नव्हता. जाग आली तेव्हा जिभेवर खरोखरच गोडसर चव होती.

दुसऱ्या दिवशी दुसरा सोफा, पुन्हा तेच. स्प्रिंगांवर पाक ओघळलेला. गोणपाटाखाली खडीसाखर. काका स्वप्नात हावरटासारखे खायचे आणि जागे झाले की घाबरून ओठ पुसायचे. जागेपणीचं जग दिवसेंदिवस धूसर होत चाललं होतं आणि स्वप्न मात्र लख्ख. हळूहळू त्यांच्या मनात एक शंका घर करून बसली. लोक झोपेत चालतात, बोलतात. मग झोपेत खात का नसतील? जिना चढायचा, डबा उघडायचा, मूठ भरायची आणि परत येऊन पडायचं. चोर आपणच, आणि आपल्यालाच पत्ता नाही!

शेवटी एका सकाळी, यंत्रावरचा आकडा बघून झाल्यावर, काका खाली मान घालून म्हणाले, "तुझं बरोबर आहे. मी खातो."

काकूंच्या हातातली पट्टी तशीच राहिली. "काय खाता?"

"साखर. झोपेत. मला आठवत नाही, पण चव राहते तोंडात. तू डब्याला कुलूप घाल. मलाही कुलूप घाल पाहिजे तर."

त्यांना वाटलं, काकू आता संतापतील. पण काकू त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, पोर तापात बडबडू लागलं की आई बघते तशा. मग त्यांनी दुकानात फोन केला आणि सांगितलं की आज येत नाही.

दुपारी काका एका लांब, राखी सोफ्यावर आडवे झाले. काकू समोर स्टुलावर बसल्या. "तू बघत बसलीस तर मला झोप कशी येईल?" असं म्हणेपर्यंत त्यांचा डोळा लागलाही. स्वप्न आलंच. आज सोफ्याच्या हातातून मध झिरपत होता.

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवर सरकलं होतं. काकू होत्या तिथेच होत्या. त्यांच्या केसांत कापसाचे बारीक तंतू अडकले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

"किती खाल्लं मी?" काकांनी विचारलं.

"काही नाही हो. कूसदेखील बदलली नाहीत. नुसते ओठ हलत होते, तान्ह्या बाळाचे हलतात तसे." काकूंनी डोळे पुसले. "आणि मी इतके दिवस नजरेनं तुमचे खिसे चाचपत होते. डब्यातली साखर कधीच कमी झालेली नव्हती. तरी माझ्या जिवाला..."

"जाऊ दे गं," काका म्हणाले. पण ते ऐकून छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून ठेवावं, तसं त्यांना झालं.

त्या संध्याकाळी काकूंना घाई नव्हती. एरवी त्या पाकीट कापून काप तव्यावर लोटायच्या आणि दुसऱ्या कामाला लागायच्या. आज तव्यापाशीच उभ्या राहिल्या. काका टेबलाशी बसून बघत होते. कापांना आधी पांढुरकं पाणी सुटलं, फेसाळलं. ते आटलं तेव्हा तव्यावर तपकिरी, चकचकीत थर धरला. काकूंनी उलथनं उचललं तर त्याला तार आली.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "मांसाला कधी तार येते?"

त्यांनी तो तपकिरी थर बोटानं खरवडून जिभेला लावला. मग दुसरं बोट काकांपुढे केलं. आधी खारट लागलं, आणि मागून, अगदी ओळखीचं, गोड.

दोघं तशीच उठून सुपरमार्केटात गेली. मांसाच्या काउंटरवर टोपी घातलेली एक गोल चेहऱ्याची बाई होती. काकूंनी पाकीट पुढे केलं तर ती सरळ म्हणाली, "ह्यात पाणी टोचलेलं असतं, मावशी. सुया असतात त्याच्या. मीठ, साखर, स्टार्च कालवलेलं पाणी. मऊ राहतं, वजन भरतं, तव्यावर रंगही छान येतो."

"पण वर 'साधे' लिहिलंय!"

"मसाला नाही ना लावलेला. म्हणून साधे."

"आणि साखरेचं?"

"मागे असेल की." तिनं पाकीट उलटं केलं, जोडाची घडी नखानं उलगडली. तिथे मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत सगळं होतं: डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, स्टार्च, फॉस्फेट. काकू दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायच्या. त्यांना ती चष्मा कपाळावर चढवून, पाकीट नाकाशी धरून वाचावी लागली.

"ह्यात साखर कुठाय?" काकांनी विचारलं.

"ह्या नावांत वेश पालटून उभी आहे," काकू म्हणाल्या. "सोंगं आहेत मेली!"

काउंटरवरची बाई ओशाळली. "मला कुणी विचारलंच नाही हो कधी. नाहीतर सांगितलं असतं." मग तिनं मागच्या थंड खोलीतून एक अख्खी कोंबडी आणून दाखवली. "हिला काही केलेलं नाही. कापून देते तुमच्यासमोर. पण चिवट लागेल बरं का."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. झोपेतल्या चोरीचा भाग ऐकताना त्यांनी ओठ दाबून धरले होते. "सगळा दोष त्या पाकिटांचाच, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "आजार स्वतःही पुढे सरकत असतो. पण तुम्ही तिन्ही त्रिकाळ तेच खात होता, म्हणजे तिन्ही वेळा थोडी थोडी भर. आणि ते मिठाचं पाणी रक्तदाबालाही वाईट. बंद करा, आणि दर आठवड्याला मला आकडे दाखवा."

आकडा एकदम खाली आला नाही. रुसलेल्या पाहुण्यासारखा एकेक पायरी उतरला, मध्ये एकदा परत वर डोकावला, आणि शेवटी पूर्वीपेक्षा थोडा वरच, पण बऱ्या जागी थांबला. एका गोळीची भर पडली ती पडलीच. पायांच्या मुंग्या कमी झाल्या, डोक्यातला कापूस विरळ झाला. काकांना समोरच्या घराच्या खिडकीच्या चौकटी पुन्हा सरळ दिसू लागल्या.

जेवण मात्र लांबलं. ती कोंबडी खरंच चिवट होती. काकू ती मंद आचेवर तासभर शिजवायच्या, तरी काकांना एक घास चावायला युग लागायचं. एका दाढेवरून दुसऱ्या दाढेवर घोळवत, थांबत, पाण्याचा घोट घेत. काकूंचं ताट कधीच रिकामं व्हायचं. पण त्या उठायच्या नाहीत. हाताला हनुवटी टेकून बसायच्या आणि दुकानात आलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायच्या. कुणी नवा चष्मा लावून आरशात पाहिलं आणि रडलं, कुणाला आपल्या बायकोचे डोळे घारे आहेत हे आजच कळलं.

"त्याला एवढी वर्षं दिसले नव्हते?" काकांनी घास गालात ठेवून विचारलं.

"नव्हते ना. आधी चावा नीट, मग बोला."

"तुझे कसले आहेत?"

"बघा की," काकू म्हणाल्या, आणि दिव्याखाली तोंड पुढे करून, जराशा लाजून, बसल्या.